ट्रिमचा वीस कोपऱ्यांचा भुईकोट

किल्ला म्हटलं की आपली नजर आधी डोंगरमाथ्याकडे जाते. आयर्लंडमधल्या ट्रिमला डोंगरच नाही. डब्लिनच्या वायव्येला, बॉइन नदीच्या काठी, जिथून पूर्वी माणसं नदी उतरून जात, तिथे हा भुईकोट उभा आहे. गावाच्या आयरिश नावातही एल्डरच्या झाडांजवळचा तो उतारच आहे.

इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने 1172 साली ह्यू डी लेसी या सरदाराला मीथचा मुलूख बहाल केला. लेसीने घाईने लाकडी मेढेकोट उभारला. वर्षा-दोन वर्षांतच कनॉटचा राजा रुअरी ओ'कॉनर याच्या चढाईत तो जळाला. मग दगडाचं काम सुरू झालं आणि पुढची सुमारे तीस वर्षं चाललं. लेसीने ते पुरं झालेलं पाहिलं नाही. 1186 साली डरो इथे दुसऱ्या एका किल्ल्याचं काम पाहत असताना एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीने त्याचं मुंडकं उडवलं. ट्रिमचं काम त्याचा मुलगा वॉल्टर याने तडीस नेलं.

ट्रिमची खरी नवलाई म्हणजे त्याचा बालेकिल्ला. मधोमध चौकोनी बुरूज आणि त्याच्या चारही बाजूंना पुढे आलेला एकेक छोटा चौकोनी बुरूज. असे वीस कोपरे होतात. चारांपैकी उत्तरेचा बुरूज आज नाही. मुख्य भिंती सुमारे तीन मीटर जाड. दार जमिनीवर नाही, पहिल्या मजल्यावर, पूर्वेच्या बुरुजात, त्याच्यावर प्रार्थनाघर.

पण लढाईच्या हिशेबाने पाहिलं तर हा आराखडा कोड्यातच टाकतो. सुरुंग लावणाऱ्याला कोपरा म्हणजे आयतं सावज. शिवाय कोपरे वाढले की आडोसे वाढतात आणि पहारेही. मला तरी वाटतं, हा बालेकिल्ला झुंजण्यापेक्षा दिसण्यासाठी बांधला. नवा मालक कोण, हे मीथच्या सपाट मुलखात कोसावरून कळावं, एवढं काम त्याने चोख केलं. लढण्याचा विचार तटबंदीत दिसतो. डब्लिनच्या बाजूच्या गोल दरवाजाबुरुजापुढे खंदकापलीकडे आणखी एक चौकी बांधून काढलेली आहे.

1399 साली दुसऱ्या रिचर्डने एका पोरसवदा ओलिसाला इथे ठेवलं. तोच पुढे इंग्लंडचा पाचवा हेन्री झाला. पंधराव्या शतकात इथे आयरिश संसदेच्या बैठका भरल्या, टांकसाळही चालली. 1971च्या उत्खननात मुंडकी नसलेले दहा पुरुषांचे सांगाडे निघाले.

मराठी वाचकाने इथे एका नावापाशी थांबावं. ट्रिमच्याच शाळेत शिकलेला एक मुलगा 1790 साली ट्रिमतर्फे आयरिश संसदेत निवडून गेला. त्याचं नाव आर्थर वेलस्ली. तेरा वर्षांनी, ऑगस्ट 1803 मध्ये त्याने अहमदनगरचा भुईकोट घेतला, सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि डिसेंबरात गाविलगड जिंकला. ट्रिममध्ये त्याच्या नावाचा उंच स्तंभ आहे. असईचं मैदान आपल्या जालना जिल्ह्यात.

ट्रिम मात्र सतराव्या शतकानंतर युद्धातून बाजूलाच पडला. मेल गिब्सनच्या 'ब्रेव्हहार्ट'मध्ये तो यॉर्क शहराच्या सोंगात उभा राहिला. त्याच्या थोडं आधी, 1993 साली, डनसेनी घराण्याच्या लॉर्डने किल्ला सरकारला विकला. स्वतःकडे ठेवली ती फक्त नदीवर जायची वाट आणि मासेमारीचा हक्क.