आजोबा, तुमच्या दुकानात बंदूक येते का?

गेल्या जानेवारीत आम्ही नार्नूरला गेलो होतो. खामदेवाच्या जत्रेचे दिवस होते. तेलंगणातली आणि पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं गावात लोटली होती. आमच्या किराणा दुकानात मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा आणि हिंदी अशा सगळ्या भाषांत तेल-मीठ मागितलं जात होतं. माझी आठ वर्षांची मुलगी गल्ल्याशेजारी बसून गंमत बघत होती. मध्येच तिने माझ्या वडिलांना विचारलं, "आजोबा, तुमच्या दुकानात लोक बंदूक घेऊन येतात का?"

बाबा हसले. "काहून गं पोरी? तेल-मिठाले बंदूक कायले लागते?"

मला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत होतं.

त्याआधी दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. इथे टेक्सासमध्ये शनिवारी सकाळी आम्ही नेहमीच्या भारतीय दुकानात भाजी घेत होतो. शेजारी एक गृहस्थ भेंडी निवडत होते आणि त्यांच्या कमरेला पिस्तूल होतं. माणूस शांत होता. आमच्याकडे बघून हसलाही. मुलीने माझा शर्ट घट्ट पकडला आणि सोडलाच नाही. मी गाडी अर्धी भरलेली तशीच ठेवली आणि आम्ही बाहेर आलो. मी दुकानदाराला काही बोललो नाही, त्या गृहस्थांना तर नाहीच. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "तो पोलीस होता का?" मी "नाही" म्हटलं. "मग?" या तिच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या गृहस्थांनी कायदा मोडला नव्हता. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना कमरेला पिस्तूल दिसेल असं लावून फिरता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना त्यासाठी परवानाही लागत नाही. पण याच कायद्याने दुकानदाराच्या हातात एक गोष्ट ठेवली आहे, ती आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. दुकान ही खाजगी जागा. दारावर ३०.०७ क्रमांकाची पाटी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत लावली, की परवानाधारकाला उघडं पिस्तूल घेऊन आत येता येत नाही. परवानाधारकाने झाकून आणलेल्या पिस्तुलासाठी ३०.०६ ही वेगळी पाटी आहे.

मोठ्या कंपन्यांनी यातून मधला रस्ता काढला. स्टारबक्सने २०१३ मध्ये आणि टार्गेटने २०१४ मध्ये गिऱ्हाइकांना बंदुका आणू नका अशी विनंती केली. ३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, त्यात २३ जीव गेले. बरोबर एक महिन्याने वॉलमार्टनेही उघड्या बंदुका आणू नका असं सांगितलं. तीही विनंतीच. बंदूक बाळगणारं गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच, त्याला दुखवायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांपुढे असतो.

"आपल्याकडे असलं काही नाही" असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. आमच्या भागाला बंदूक नवी नाही. रानडुकरांपासून पीक राखायला भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे. फरक आहे तो बंदूक दिसण्याचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं असावं लागतं. ते मिरवायला मनाई आहे. लग्नावरातीत हवेत गोळ्या झाडल्या आणि त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही परवाना म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच आदिलाबाद शहरात, ताटीगुड्यात, मुलांच्या क्रिकेटवरून सुरू झालेल्या भांडणात एका स्थानिक पुढाऱ्याने परवान्याचं रिव्हॉल्व्हर चालवलं. जखमींपैकी एक जण दगावला आणि पुढाऱ्याला पुढे जन्मठेप झाली. रिव्हॉल्व्हर जवळ नसतं, तर भांडण कदाचित शिवीगाळ-हाणामारीवर मिटलं असतं.

त्या रात्री जेवताना मी बाबांना शनिवारची हकीकत सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाजारात बंदूक आली होती एकदा. इंद्रवेल्लीले." २० एप्रिल १९८१, सोमवार, तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३, लोक कितीतरी जास्त सांगतात. "ती सरकारची बंदूक होती," बाबा म्हणाले, "पण पुढं कित्येक दिवस लोक बाजारात यायले भेत होते. बाजार भरोशावर चालतो रे. गिऱ्हाईक भेलं, की दुकान संपलं."

परत आल्यावर मी त्या भारतीय दुकानात गेलो आणि मालकांना पाटीबद्दल विचारलं. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग त्यांची बाजू सांगितली. त्यांच्या मेहुण्याच्या गॅस स्टेशनवर दोनदा लूट झाली आहे. रात्री एकटं दुकान बंद करताना जवळ हत्यारवालं ओळखीचं गिऱ्हाईक असलं, तर त्यांना उलट बरं वाटतं. "आणि चोर काय पाटी वाचून परत जाणार आहे का?"

त्यांची भीती खोटी नाही. नऊ ते सहा संगणकासमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याने तिला हसणं सोपं आहे. मी एवढंच म्हणालो, "काका, पाटी चोरासाठी नाही मागत. गल्ल्याखाली तुम्ही काय ठेवता ते मी विचारणार नाही. पण माझी मुलगी भेंडीच्या टोपलीजवळ यायला घाबरते, तिच्यासाठी मागतोय."

ते "विचार करतो" म्हणाले. अजून पाटी लागलेली नाही. पण पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "आणखी कोणी बोललंय का याबद्दल?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, मला माहीत नाही.

म्हणून हा लेख. तुम्ही बंदुकीच्या बाजूचे असा की विरोधातले, घरात ठेवत असा की नसा, तो तुमचा प्रश्न. पण आपली मुलं जिथे तुमच्याबरोबर भाजी आणायला येतात, त्या दुकानात काय दिसावं यावर आपल्यालाही मत आहे. मी त्या शनिवारी गाडी तशीच सोडून निघून आलो, त्यामुळे दुकानदाराला काहीच कळलं नाही. तुमचं मत काहीही असो, एकदा गल्ल्यापाशी थांबून त्यांना सांगा.