बर्फ हटला की जमीन वर येते! अंटार्क्टिकातला ‘जीपीएस’ नेमकं काय मोजतो?

हैदराबाद : सोलापूरकडची मंडळी हुसेनसागर एक्स्प्रेसने नामपल्लीला उतरतात ती बहुतेक दवाखाना, लग्नाची खरेदी किंवा जानेवारीतली नुमाइश यासाठी. तिथून मेट्रोने अमीरपेठला गाडी बदलून उप्पलच्या दिशेने निघालं की ‘एनजीआरआय’ नावाचं स्टेशन लागतं. राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था ती हीच. किल्लारी आणि कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस थेट अंटार्क्टिकात, भारताच्या ‘मैत्री’ तळावर, कायमचं जीपीएस केंद्र बसवलं. तिथे कुणाला रस्ता शोधायचा आहे, असं वाटेल. पण हा जीपीएस एकाच जागी खिळलेला असतो, आणि खालचा खडक किती हलला एवढंच सांगतो.

खडक हलतो कशाने? गादीवर जड माणूस बसला की गादी दबते, उठला की हळूहळू वर येते. एक किलोमीटर जाडीचा बर्फ हजारो वर्षं बसून राहिला तर खालची जमीन पाव किलोमीटरहून जास्त दबू शकते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. पुढे बर्फ वितळला, पण पृथ्वीच्या पोटातला खडक इतका घट्ट, की ती ‘गादी’ अजून वर येतेच आहे. स्वीडन-फिनलंडच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला जवळपास १ सेंटीमीटर. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसन समुद्राजवळ तर ४१ मिलिमीटर वेग नोंदला गेला; २०१८ मध्ये हा आकडा प्रसिद्ध झाला तेव्हा जाणकारही चकित झाले.

आता प्रश्न असा, की मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटर चुकतो, मग मिलिमीटर कसे कळतात? मोबाइल उपग्रहाचा सांकेतिक संदेश वाचतो. शास्त्रीय यंत्र त्याखालची रेडिओलहरच मोजतं. ही लहर सुमारे १९ सेंटीमीटर लांब, आणि तिचा अगदी बारीक अंशही पकडता येतो. यंत्र रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू राहतं. त्या ढिगाऱ्यातून सरासरी कल बाहेर येतो.

तरीही उंची मोजणं सगळ्यात अवघड. उपग्रह फक्त डोक्यावरच्या आकाशात असतात, पायाखाली नाही, म्हणून वर-खालची चूक आडव्या मोजमापापेक्षा जास्त येते. त्यात जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या. ध्रुवावर उभं राहिलं तर एकही उपग्रह माथ्यावर येत नाही. अँटेनावर बर्फ साचला तर आकडे बिघडतात, आणि ध्रुवीय रात्रीत सौरपॅनेल निरुपयोगी. अँटेना पक्क्या खडकातच रोवावी लागते. ‘मैत्री’ ज्या शिर्माकर भागात आहे तिथे बर्फाबाहेर उघडा खडक मिळतो, हे भाग्यच. भारताचा पहिला तळ ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फावर होता, तो पुढे बर्फातच गाडला गेला.

एवढा खटाटोप कशाला? तर बर्फाचं वजन करायला. २००२ पासून ‘ग्रेस’ उपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून ध्रुवांवरचा बर्फ किती घटला ते सांगतात. पण बर्फ घटताना खालून खडकही वर सरकत असतो, त्याचंही वजन उपग्रहाला जाणवतं. ते वजा केलं नाही तर बर्फाचा हिशेब चुकतो. आणि तो चुकला तर समुद्र किती चढणार हा अंदाजही चुकतो. दापोली-मालवणच्या किनाऱ्यावर घर असणाऱ्याला हा आकडा लांबचा नाही.

तीच गोम मुंबईत. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. पण समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे भरतीमापकाला सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी जीपीएस लागतो. जमीन स्थिर असते ही समजूतच मुळी खोटी: हैदराबादच्या केंद्राचे आकडे सांगतात, की नामपल्ली स्टेशनसकट आपलं अख्खं दख्खन वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतं आहे.