वाऱ्यांची नावे आणि लहान नौकेचा महासागरप्रवास

वाऱ्यांची जुनी नावे पाहू लागले म्हणजे त्यांतील पुष्कळशी दिशेवरून पडलेली आढळतात. आपल्या किनाऱ्यावरील ‘मतलई’ व ‘खारे’ हे शब्द वारा जमिनीवरून आला की समुद्रावरून, एवढेच सांगतात. जोर आकड्यांत मांडण्याची बोफर्टची पद्धत 1805 मधील, म्हणजे बरीच अलीकडची. दिशेस हे प्राधान्य का मिळाले असावे, याचे उत्तर कोशापेक्षा समुद्रावर अधिक चांगले मिळते.

इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेय वाऱ्यास ‘सुहैली’ म्हणतात. ‘सुहैल’ म्हणजे आपला अगस्त्य तारा. त्यास संबंधदर्शक ‘ई’ प्रत्यय लागला आहे. मुंबईत सागवानी लाकडाच्या बांधलेल्या आपल्या 32 फुटी नौकेस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी हेच नाव दिले आणि 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या काळात एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले. (समुद्र प्राशन करणाऱ्या अगस्त्याचे नाव नौकेस लाभावे, हा योगायोग मौजेचा खरा.)

दक्षिण महासागरात कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. त्या गोलार्धात त्यांच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्यामुळे केंद्राच्या उत्तरेस असलेल्या नौकेस प्रथम वायव्येचा वारा लागतो व वायुभारमापक उतरू लागतो. शीत वायूची आघाडी पुढे गेली की वारा एकाएकी नैर्ऋत्येचा होतो. जोर वाढला तर उपाय ठाऊक आहे. वेग दुप्पट होताच शिडावरील दाब चौपट होतो. म्हणून शीड आखडावे काय, असा प्रश्न मनात येताच जाणता नाविक ते आखडतो. लाटा मात्र आखडता येत नाहीत. वाऱ्याने दिशा बदलली तरी वायव्येच्या जुन्या लाटा कित्येक तास चालूच राहतात. नैर्ऋत्येच्या नव्या लाटा त्यांस आडव्या भिडतात, आणि दोहोंचे माथे जेथे एकत्र येतात तेथे पाणी उभे राहून कोसळते. नौकेची पाठ एकीकडे करावी, तर दुसरी लाट कुशीवर आदळते. नॉक्स-जॉन्स्टन मागील बाजूने लांब दोर पाण्यात सोडीत. त्यांच्या ओढीने वेग आवरला जाई व पाठ लाटेकडे राही.

पण प्रत्येक वेळी हे साधतेच असे नाही. सुहैलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ 21 सप्टेंबर 2018 रोजी पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर वादळात सापडली. त्या शर्यतीत उपग्रहाधारित दिशादर्शनास मनाई होती. वारा 70 नॉटच्या आसपास होता आणि लाटा 14 मीटरपर्यंत चढल्या होत्या. नौकेची लांबी जेमतेम 10 मीटर. ती उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. 24 तारखेस ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलून घेतले. पुढच्या शर्यतीत, 29 एप्रिल 2023 रोजी, दुसऱ्या एका नौकेतून त्यांनी हीच प्रदक्षिणा दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.