दमलेलं पिल्लूच जास्त दंगा करतं

दिवेलागणीला कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगात येतं. सोफ्यावरून दिवाणावर, तिथून थेट पडद्यावर. वाटेत कुणाचा पायजमा आला तर तोही दातात. याला व्यायाम कमी पडतोय, असं घरात एकमतानं ठरतं. मग चेंडू फेकणं सुरू होतं आणि पिल्लू आणखीच चेकाळतं.

बहुतेकदा दुखणं उलटं असतं. पिल्लाची झोप झालेली नसते. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं, अर्थात झोपू दिलं तर. फ्लॅटमध्ये बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, शेजारची मुलं ‘बघायला’ येतात. झोपमोड झालेलं तान्हं मूल किरकिरलं की आपण त्याला पाळण्यात घालतो. इथे मात्र चेंडू शोधतो. तासभर जागं राहिलं की पिल्लाला त्याच्या गादीवर न्यावं, पडदे ओढावेत, मुलांना बाहेर पिटाळावं.

चावण्याला आणखी एक कारण असतं. दुधाचे 28 दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात आणि सातव्याच्या आसपास 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चघळायला काहीतरी हवंच. दात हाताला लागला की मुकाट्यानं उठून जावं, खेळ बंद. ओरडून हात झटकला तर त्याला तोही खेळच वाटतो. (कातडी फुटली तर ‘एवढंसं तर पिल्लू’ म्हणत हळद लावून बसू नये. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टर गाठावा. रेबीजची पहिली लस पिल्लाला सहसा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मिळते.)

शिकवणी दोन-तीन मिनिटांचीच, पण दिवसातून चार-पाचदा. बूड टेकताक्षणी खाऊ. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे पिल्लाला कळत नाही. आजी ‘बस’, बाबा ‘सिट’ आणि ताई ‘खाली बस ना रे बाळा’ म्हणत असेल, तर दोष पिल्लाचा नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वेगळीच. पिल्लू आपणहून शांत पडलेलं असतं तेव्हा त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पडदा ओढला की अख्खं घर धावत येतं. कशाला भाव मिळतो, हे ते चटकन ताडतं. म्हणून ते निवांत असताना न बोलता खाण्याचा एखादा दाणा पंजापाशी ठेवावा. जुन्या पंच्याच्या घड्यांत दाणे लपवून हुंगायला लावलं, तर चेंडूमागे पळून चेकाळणारं पिल्लूही निवतं.

सहा-सात महिन्यांचं होऊन वयात येऊ लागलं, की ते शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल. तेव्हा खिशात दाणे घेऊन पुन्हा ‘बस’पासून सुरुवात करायची.