संवेदक यंत्रणेचा अँटेना : खांबावर चढवण्यापूर्वी जुळणी तपासा

द्राक्षावरील केवडा असो वा सफरचंदावरील स्कॅब, या रोगांचा अंदाज पाने किती तास ओली राहिली यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. शेतातील संवेदक ही नोंद बिनतारी मार्गाने गेटवेकडे पाठवतात. मधल्या काही तासांची नोंद पोहोचली नाही, तर फवारणीचा निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. अशा वेळी संशय संवेदकावर किंवा बॅटरीवर घेतला जातो. अँटेना आणि केबल यांची जुळणी मात्र तपासायची राहून जाते.

जुळणी म्हणजे काय?

‘लोरा’ पद्धतीची यंत्रणा भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालते. गेटवे, केबल आणि अँटेना या तिन्हींची प्रतिबाधा ५० ओहम असावी लागते. ती जुळत नसल्यास शक्तीचा काही भाग अँटेनापासून मागे परततो. हे प्रमाण एसडब्ल्यूआर या गुणोत्तराने मोजतात. गुणोत्तर १.५ असल्यास सुमारे ४ टक्के, २ असल्यास ११ टक्के, तर ३ असल्यास २५ टक्के शक्ती परतते. शेतातील वापरासाठी ते २ पेक्षा कमी असावे.

खरेदी करताना

४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्झचे अँटेने दिसायला सारखेच असतात. म्हणून वारंवारितेची खात्री करून घ्यावी. टीव्हीची केबल ७५ ओहमची असल्याने ती वापरू नये. एसएमए आणि आरपी-एसएमए हे जोड एकमेकांत घट्ट बसतात, परंतु मधली पिन जुळत नसल्याने संपर्कच होत नाही.

मोजणीतील फसगत

आरजी-५८ सारख्या बारीक केबलच्या १० मीटर लांबीत या वारंवारितेला निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. परतणारी शक्तीही त्याच केबलमधून येताना क्षीण होते. समजा, केबल तीन चतुर्थांश शक्ती गिळते. मग वरच्या टोकाला अँटेना नसला, तरी खाली केवळ सोळावा हिस्सा परत येतो आणि गुणोत्तर सुमारे १.७ दिसते. म्हणजेच खालच्या टोकाला मिळालेले चांगले वाचन हा जुळणीचा पुरावा नव्हे.

तपासणीचा क्रम

१. नॅनो-व्हीएनए हे छोटे उपकरण प्रथम कॅलिब्रेट करावे.

२. अँटेना मोकळ्या जागी, पत्रा व लोखंडी खांबापासून दूर धरून, आखूड केबलने थेट तपासावा.

३. केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवून वाचन घ्यावे. चांगल्या केबलमध्ये गुणोत्तर खूप मोठे येते; ते लहान आल्यास केबल शक्ती गिळत आहे असे समजावे.

४. त्या टोकाला ५० ओहमचा भार जोडावा. वाचन १ च्या जवळ न आल्यास जोड किंवा केबल सदोष समजावी.

५. शेवटी पूर्ण जोडणीचे वाचन घेऊन तारखेसह नोंदवावे.

अँटेना काढण्यापूर्वी गेटवेचा वीजपुरवठा बंद करावा. अँटेनाविना प्रक्षेपण झाल्यास त्यातील प्रवर्धक निकामी होऊ शकतो. केबल शक्य तितकी आखूड व जाड घ्यावी, अथवा गेटवे खांबावरच जलरोधक पेटीत बसवावा. जोडांवर जलरोधक टेप गुंडाळून, पाणी निथळावे म्हणून केबलला खाली वळसा द्यावा. पावसाळा संपताच पुन्हा मोजणी करून पहिल्या नोंदीशी पडताळावी. आत शिरलेला ओलावा बाहेरून दिसत नाही, वाचनातील फरकातून मात्र तो लक्षात येतो.