रेस उतरत नाही तेव्हा

पंढरपूरच्या सरगम चौकात गर्दीत गाडी थांबते, हात ॲक्सिलेटरवरून सुटतो, आणि इंजिन शांत व्हायच्या ऐवजी वरच्या आवाजात ओरडत राहतं. काही सेकंदांनी रेस हळूहळू उतरते, कधी इतकी उतरते की गाडी बंदच पडते. राजदूत असो, येझदी असो, आरएक्स हंड्रेड, बुलेट किंवा सीडी हंड्रेड असो, तक्रार हीच. अनुभवी मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगतो, "हवा घेतेय गाडी." त्यानंतर बहुतेक ठिकाणी स्क्रूड्रायव्हर बाहेर निघतो आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला जातो. रेस खाली येते, गिऱ्हाईक खूश होतं, पण हवा जिथून शिरत होती तिथून शिरतच राहते. माझं सांगणं इतकंच आहे की स्क्रूला हात लावायच्या आधी ती हवा शोधा. शोधायला महाग यंत्र लागत नाही. वेळ द्यावा लागतो, आणि थंड इंजिनापाशी बसायची तयारी लागते.

आधी ही हवा करते काय ते पाहू. पिस्टन खाली येतो तेव्हा (टू स्ट्रोकमध्ये वर जातो तेव्हा) मागे दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. तिनं कार्बोरेटरमधूनच यावं अशी सगळी रचना असते, कारण तिथे अरुंद गळ्यातून जाताना ती जेटमधून आपल्यापुरतं पेट्रोल उचलून घेते. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुठे फट पडली की तिथून शिरणारी हवा पेट्रोल न घेता येते. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण नीट पेटत नाही, हळू जळतं, आणि इंजिन तापतं.

मग ही फट मोकळ्या रस्त्यावर जाणवत नाही आणि चौकातच का जाणवते? हिशेब साधा आहे. सत्त्याण्णव सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन 1400 आरपीएमवर उभं असताना मिनिटाला ढोबळमानाने वीसेक लिटर हवा घेतं. हवेची वाट उघड-बंद करणारी कार्बोरेटरची स्लाईड जवळजवळ बंद असल्यामुळे आतली ओढ तेव्हा जोरदार असते. अशा वेळी एक मिलिमीटर व्यासाचं भोक मिनिटाला पाच-सहा लिटर हवा ओढू शकतं, म्हणजे एकूण हवेच्या पाव हिश्शाहून जास्त. तेच इंजिन पूर्ण रेसवर दोनशेहून अधिक लिटर हवा घेतं, आणि स्लाईड उघडी असल्यानं भोकावरची ओढही जवळजवळ संपलेली असते. त्यामुळे मोहोळ रस्त्याला गाडी सुसाट वाटते आणि गावात शिरली की रडते. आषाढीच्या दिवसांत पाच-पाच मिनिटं जागेवर उभं राहावं लागतं, तेव्हा वर्षभर लपलेला दोष वर येतो तो याच कारणानं.

लक्षणं ओळखताना घाई नको. रेस वर अडकली म्हणजे दरवेळी हवाच असते असं नाही. केबल गंजून अडकते, हॅण्डल वळवलं की ताणली जाते, स्लाईड तिरकी बसते. म्हणून आधी हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं आणि ॲक्सिलेटर सोडल्यावर स्लाईड खाली आपटल्याचा टक असा आवाज येतो का ते ऐकावं. तो आला तर केबल बरी आहे. मग गरम इंजिनावर चोक थोडा ओढावा. एरवी गरम गाडी चोकवर गुदमरते. चोक ओढल्यावर ती उलट सुधारली, तर मिश्रण पातळ आहे हे नक्की. ते कमी रेसला पेट्रोल पुरवणारा स्लो जेट तुंबल्यानंही पातळ होतं. मात्र जेट तुंबला की रेस बहुधा पडते, आणि हवा शिरत असेल तर ती वरखाली भटकते. एअर स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे फिरवूनही इंजिनाला काही फरक पडत नसेल, तर संशय फटीवरच घ्यावा. ॲक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होणं आणि प्लगचं टोक पांढरंफटक दिसणं ही आणखी दोन लक्षणं.

आता शोध. पहिली तपासणी डोळ्यांची. गाडी थंड असताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड धुऊन, पुसून कोरडा करावा. पंढरपूरच्या काळ्या मातीची धूळ तेलात कालवून त्या जागी असा थर बसतो की खालची चीर दिसतच नाही. बुलेटमध्ये तिथे फ्लँज, पॅकिंग आणि दोन स्टड असतात. आरएक्समध्ये रबराचा मॅनिफोल्ड आणि त्याच्या आत रीडची पेटी, म्हणजे मिश्रण एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. सीडी हंड्रेड आणि स्प्लेंडरमध्ये ॲल्युमिनियमचा छोटा पाईप, काळा इन्सुलेटर आणि ओ-रिंग. रबर असेल तर ते काढून हातात वाकवावं. वरवरच्या बारीक सुरकुत्या बहुधा निरुपद्रवी असतात. वाकवल्यावर चीर आतपर्यंत उघडली, तर ते रबर संपलं. ओ-रिंग खाचेच्या वर उठून दिसायला हवी. ती चपटी होऊन खाचेशी सपाट बसली असेल, तर नवी दिसली तरी उपयोगाची नाही. नंतरच्या काही गाड्यांत इनटेक पाईपला धूर कमी करणाऱ्या वॉल्व्हची बारीक नळीही येते. तिचं टोक सैल झालं, तरी हीच सगळी लक्षणं दिसतात.

दुसरी तपासणी चालू इंजिनावर. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणावी आणि तीत साबणाचं पाणी भरावं. गाडी मोकळ्यावर, मेन स्टँडवर, रेस थोडी वाढवून चालू ठेवावी. एका वेळी एकाच जोडावर चार-दोन थेंब सोडावेत आणि थांबून ऐकावं. पाणी फटीत ओढलं गेलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. रेस अचानक खाली बसली, तर जागा सापडली. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. म्हणून आधी खालचा जोड, मग वरचा, मग डावी-उजवी बाजू. प्लगच्या टोपणापासून पाणी लांब ठेवा. टोपण ओलं झालं तर इंजिन मिसिंग मारतं आणि तुम्ही भलत्याच जागेला दोष देऊन बसता.

काही जण याच कामाला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे वापरतात, काही जण सरळ पेट्रोल टाकतात. स्प्रेनं जागा लवकर कळते, पण तो भडकणारा असतो, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो आणि जुन्या प्लग वायरमधून ठिणगी बाहेर उडू शकते. पेट्रोल तर नकोच. आपल्या गावात अगरबत्ती घरोघरी असते आणि धूर कुठे ओढला जातो ते बघायचा मोह होतो. पेट्रोलच्या वाफेजवळ निखारा नेऊ नये. साबणाच्या पाण्यानं हे काम भागतं.

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि गाडी टू स्ट्रोक असेल, तर खरा विचार सुरू करायचा. फोर स्ट्रोकमध्ये क्रँककेसचा मिश्रणाशी संबंध नसतो. टू स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑईल सील म्हणजे हवेला अडवणारी दारं असतात. राजदूत-येझदीसारख्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. तिथे सीलमधून हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर येणारं तेलही कमी पडतं, आणि उष्णता वाढलेली असते. पिस्टन जाम होण्याची अर्धी तयारी इथेच होते. आता पालखी मार्ग बराचसा चौपदरी झाला आहे. एप्रिल-मेच्या उन्हात अशी गाडी एकाच रेसवर लांब पल्ल्याला नेली, तर उरलेली अर्धी तयारी रस्त्यावर होते.

दोन्ही बाजूंच्या सीलची भाषा वेगळी असते. क्लच साईडची सील गेली तर क्रँककेस गिअर बॉक्सचं तेल ओढते. ते जळून सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑईलची पातळी घटते. मॅग्नेट साईडची सील गेली तर धूर नाही, डाग नाही, फक्त कोरडी हवा शिरते आणि रेस भटकते. म्हणून ती जास्त घातकी. महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत ही सील सुकून कडक झालेली हमखास सापडते.

खात्री करायची तर दाबाची चाचणी. रक्तदाब मोजायच्या जुन्या, घड्याळासारख्या तबकडीच्या यंत्राचा फुगा आणि मीटर या कामाला उत्तम चालतात. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टचं तोंड जाड रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करावं. कार्बोरेटर काढून त्या जागी घट्ट बूच बसवावं. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून त्यात नळी पक्की बसवावी आणि तो प्लग हेडमध्ये आवळावा. पिस्टन सगळ्यात खाली आणला की वरचा भाग आणि क्रँककेस एक होतात. आता फुगा दाबून काटा 250 पर्यंत न्यावा. हे सुमारे पाच पौंड झाले. यापुढे जायचं नाही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच लावायचा नाही, त्याच्या तीस-चाळीस पौंडांनी चांगली सील जागेवरून उडेल. आरएक्समध्ये रीड असल्यामुळे प्लगकडचा दाब रीडच बंद करतो. तिथे प्लग जागेवर ठेवून नळी कार्बोरेटरच्या जागी लावावी, म्हणजे मॅनिफोल्डही दाबाखाली येतो.

फुगा सोडून घड्याळ बघावं. एका मिनिटात काटा पन्नासापेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. आधी आपलीच बुचं साबणाच्या पाण्यानं तपासावीत, कारण बऱ्याचदा हवा तिथूनच जाते. मग बोअरच्या खालचं पॅकिंग, हेडचा जोड, क्रँककेसच्या दोन भागांमधली रेघ. मॅग्नेटचं कव्हर उघडून मागच्या फटीत पाणी सोडावं. सील गळत असेल तर तिथे बारीक फेस दाटून येतो. क्लच साईडची सील दिसत नाही, पण गिअर ऑईलचं झाकण उघडून भोकावर साबणाचा पडदा धरला तर तो फुगून वर येतो. ही चाचणी मला फार विश्वासाची वाटते, कारण इथे कानावर काही सोडलेलं नसतं, फेस डोळ्यांना दिसतो.

जागा सापडली की दुरुस्ती बहुधा स्वस्त असते. चिरलेला रबर मॅनिफोल्ड बदलायचा, चिकटवायचा नाही. एम-सील उष्णतेनं आणि हादऱ्यानं सुटतं, सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, आणि त्याचा तुकडा आत गेला तर नवंच दुखणं. घरी पोचण्यापुरती सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लिप आवळली तर चालेल, तेवढ्यापुरतंच.

बुलेटच्या फ्लँजचं दुखणं वेगळं. हवा बंद व्हावी म्हणून जो तो नट आणखी आवळतो, आणि दोन्ही कान खेचले जाऊन फ्लँज मधोमध उचलली जाते. ती काचेवर सपाट टेकवून मागून बॅटरीचा उजेड टाकला की फट दिसते. त्याच काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून, दोन थेंब तेल टाकून, फ्लँज गोल-गोल घासावी. चकाकी कडेला दिसते आणि मधे डाग राहतो, म्हणजे ती अजून वाकडीच आहे. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबावं. पॅकिंग पेपर विकत मिळतो. फ्लँजला बोटानं ग्रीस लावून कागदावर ठसा घ्यावा आणि त्याप्रमाणे कापावा. नट आळीपाळीनं, थोडे-थोडे आवळावेत.

मॅग्नेट साईडची सील बऱ्याच गाड्यांत पुलरनं मॅग्नेट काढून इंजिन न उघडता बदलता येते. नवी सील बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, ओठाला थोडं टू टी तेल, आणि सगळीकडून सारखा दाब. त्याआधी क्रँकचं टोक धरून वरखाली हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नवी सीलही फार दिवस टिकणार नाही, मग इंजिन उघडणंच शहाणपणाचं.

पेट्रोलचाही इथे संबंध आहे. फेब्रुवारी 2023 पासून देशात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. ऊस हा आपल्या तालुक्याचा जीव आहे आणि इथेनॉल त्या उसातूनही निघतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर या पेट्रोलचं मिश्रण आधीच सहा-सात टक्के पातळ होतं. शिवाय जुनी रबरं त्यात फुगतात, मऊ होतात. जी बारीक फट पूर्वी खपून जायची ती आता खपत नाही. नवीन रबर घेताना इथेनॉलला टिकणारं आहे का, हे दुकानदाराला विचारा.

सगळं बसवल्यावर मगच ट्यूनिंग. एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. इंजिन चांगलं गरम करून रेसच्या स्क्रूनं रेस थोडी वर ठेवावी. एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत रेस जिथे सगळ्यात वर जाईल तिथे थांबावं आणि मग रेसचा स्क्रू सोडून ती खाली आणावी. स्प्लेंडरसाठी 1400 आरपीएमच्या आसपास. हवा घेणाऱ्या इंजिनाला हे जमत नाही. जमलं, ॲक्सिलेटर सोडताच रेस चटकन खाली आली आणि तिथेच राहिली, तर काम झालं. गाडी गॅरेजला दिली असेल तर मिस्त्रीला एकच विचारा: हवा कुठून शिरत होती ती जागा दाखवा. जागा दाखवता आली नाही, तर स्क्रू फिरवल्याचे पैसे देऊ नका, आणि टू स्ट्रोक असेल तर जागा सापडेपर्यंत ती गाडी सोलापूरला नेऊ नका.