भुलीचं औषध, मनाचं दुखणं आणि गटाचं कर्ज



आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जावेच्या डिप्रेशनचं सलाईन'. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोरांची फी, बाळंतपण ही कारणं आम्हाला पाठ आहेत. हे नवं होतं. घरातल्या कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. शहरातल्या दवाखान्यात हाताला सलाईन लावतात, तासाभरात माणूस हलका होऊन उठतो, वर्षानुवर्षांचं अंगदुखणंही जातं, असं त्यात सांगितलेलं. निम्म्या बाया म्हणाल्या, पैसे द्या, जीव महत्त्वाचा. निम्म्या म्हणाल्या, ही फसवणूक आहे. आम्ही याबद्दल वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं निघालं. म्हणून आजचं बोलणं या औषधावर.

औषधाचं नाव केटामाइन. नाव नवं वाटलं तरी औषध जुनं आहे. १९६२ साली अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं आणि १९७० साली तिथल्या सरकारने भुलीचं औषध म्हणून त्याला मान्यता दिली. या भुलीत माणसाचा श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब पडत नाही. त्यामुळे जिथे मोठी यंत्रं नाहीत अशा लहान रुग्णालयांना त्याचा फार आधार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाचा मोडलेला हात बसवताना हेच औषध दिलं गेलं असेल, तुम्हाला नाव सांगितलं नसेल एवढंच. २०१८ साली थायलंडमध्ये गुहेत पाणी भरून बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते, ती बातमी आठवते? त्या मुलांना पाण्याखालून बाहेर आणताना बेशुद्ध ठेवलं होतं, ते केटामाइन देऊनच.

मग भुलीचं औषध मनाच्या आजाराला कसं लागू पडलं? आधी नैराश्याचं बोलू. एखादीला काही दिवस उदास वाटणं वेगळं. नैराश्य म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ मन मेल्यासारखं होणं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, पोटच्या पोरालाही जवळ घेऊ नये वाटणं, आणि आपण नसतो तर बरं असा विचार पुन्हा पुन्हा येणं. गावात याला आळस म्हणतात, नाटक म्हणतात, बाहेरचं म्हणतात. तो आजार आहे आणि त्याला गोळ्या आहेत. पण नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. आणि काही जणींना एक गोळी झाली, दुसरी झाली, तरी गुण येत नाही.

२००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सात रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास छापला. भुलीला लागतं त्यापेक्षा पुष्कळ कमी केटामाइन शिरेतून हळूहळू दिलं, तर नैराश्य थोड्याच दिवसांत उतरतं, असं त्यात दिसलं. २००६ साली तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने पुन्हा तपासलं. हे आकडे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण व्हिडिओत यातला अर्धाच भाग सांगतात. ज्यांना इतर औषधांनी गुण आला नव्हता अशा १७ जणांना एकदा केटामाइन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या १२ जणांना स्पष्ट आराम होता. आठवड्यानंतर तो आराम टिकलेले उरले ६.

गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. सतरातल्या बारा जणांना एका दिवसात उभं करणारं औषध याआधी नव्हतं, हे खरं. आणि आठवड्यात त्यातले निम्मे परत खाली गेले, हेही खरं. म्हणून डॉक्टर एकदाच देऊन थांबत नाहीत. बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा देतात, प्रत्येक वेळी साधारण ४० मिनिटं, वजनाच्या एका किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. पुढे कुणाला पंधरा दिवसांनी, कुणाला महिन्याने परत लागतं.

आता अंगदुखीचं. आमच्या बैठकांत मनाचं दुखणं क्वचितच मनाच्या नावाने येतं. 'कंबर गेली', 'डोकं ठणकतं', 'सगळं अंग मोडून आलंय' असंच ते येतं. नैराश्य आणि जुनं दुखणं पाठच्या बहिणींसारखी असतात, एकीमागून दुसरी येतेच. त्यातलं काही दुखणं असं असतं की जखम भरते पण दुखायचं थांबत नाही. एकदा बुजलेलं जनावर नुसती पिशवी फडफडली तरी उधळतं ना, तसं पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या नसांचं होतं. साधा स्पर्शही त्यांना घाव वाटतो. ही खबर पुढे पुढे वाढवत नेणारी एक कडी नसांमध्ये असते, आणि केटामाइन नेमकं त्याच कडीला अडवतं. त्यामुळे नसांच्या दुखण्यात, अपघातानंतर हात किंवा पाय आगीसारखा जळत राहतो अशा आजारात, काहींना त्याने काही दिवस ते काही आठवडे उतार पडतो. साध्या कंबरदुखीला किंवा गुडघ्याच्या झिजेला याची सलाईन लावणं म्हणजे उंदराला तोफ. तिथे व्यायाम, शेक, वाकून करायच्या कामांची वाटणी आणि डोक्यावरच्या हंड्याला पर्याय, हेच आधी.

मनात ते काय करतं, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ताणाने वाळलेल्या मेंदूतल्या पेशींना यानंतर नवे धुमारे फुटतात. आम्हाला यावरून वाफसा आठवला. पाऊस पडून गेल्यावर जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी मोजकेच दिवस असते. त्या दिवसांत पेरलं तर उगवतं. वाफसा नुसता बघत बसलं तर जमीन पुन्हा कडक होते. केटामाइनने मनाला काही दिवसांचा वाफसा येतो, आणि त्यात पेरायचं काम बोलण्याच्या उपचाराचं. म्हणूनच चांगल्या ठिकाणी सलाईनबरोबर मानसोपचार जोडलेला असतो. आधी एक-दोन बैठका, ज्यात काय होणार ते सांगतात आणि बाईला काय सलतंय ते ऐकतात. मग औषध. मग एक-दोन दिवसांत पुन्हा बैठक. नवऱ्याच्या मृत्यूनंतर 'माझंच चुकलं' असं घोकत बसलेल्या बाईला त्या दिवसांत तो विचार थोडा लांबून पाहता येतो. समुपदेशक तिला तो विचार तपासायला लावतात, सकाळी उठून करायचं एक छोटं काम ठरवून देतात, घरात कुणाशी काय बोलायचं त्याची तयारी करून घेतात.

दोन्ही एकत्र केल्याने किती फरक पडतो याचा पुरावा अजून थोडा आहे, पण आहे. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या पुढाकाराने दारू सोडू पाहणाऱ्या ९६ जणांवर झालेला अभ्यास २०२२ साली छापून आला. काहींना केटामाइन, काहींना नुसतं मिठाचं पाणी. काहींना मानसोपचार, काहींना दारूविषयी फक्त माहिती. सहा महिन्यांत दारूविना गेलेले दिवस केटामाइनवाल्यांत जास्त निघाले, आणि सगळ्यात मोठा फरक दिसला तो केटामाइन अधिक मानसोपचार या जोडीत. पण पुन्हा प्यायला लागलेल्यांच्या संख्येत ठळक फरक नव्हता. दारूचा विषय निघाला की पुढचा प्रश्न आम्हाला माहीत आहे, म्हणून आत्ताच सांगतो: हे नवऱ्याच्या चहात गुपचूप घालायचं औषध नाही. असं कुठलंच औषध कुणाला न सांगता घालू नका. त्याने जीव जाऊ शकतो.

आता धोके. सलाईन चालू असताना रक्तदाब वाढतो, मळमळतं, डोकं गरगरतं. आपण शरीरापासून सुटून वर तरंगतोय, भिंती लांब गेल्यात असं वाटतं. काहींना त्यात शांत वाटतं, काही घाबरून रडतात. हे तास-दोन तासांत उतरतं, पण तोवर जवळ जाणकार माणूस हवं. आवाक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा आजार, गरोदरपण, आणि पूर्वी भास किंवा टोकाचे संशय येण्याचा आजार असेल तर हे सहसा देत नाहीत. अंगावर पाजत असाल तर तेही आधी सांगा. आणि याची सवय लागते. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांची लघवीची पिशवी खराब होते, दर पंधरा मिनिटांनी जावं लागतं, रक्त पडतं. मॅथ्यू पेरी हा अमेरिकेतला प्रसिद्ध नट २०२३ साली गेला, तो केटामाइनच्याच परिणामाने. तो डॉक्टरांकडेही हा उपचार घेत होता, पण त्याच्या शरीरात सापडलेलं औषध त्या उपचारातलं नव्हतं, हे तपासात स्पष्ट झालं. भारतात २०११ पासून केटामाइन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तेव्हा मेडिकलवाला ओळखीचा आहे, कंपाउंडर घरी येऊन लावतो, असं कुणी म्हटलं तर तिथून उठा.

जिथून सुरुवात करायची ती जागा वेगळीच आहे, आणि ती फुकट आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, तिथे तपासणी आणि गोळ्या मिळतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. केटामाइनचा विचार साधारण तेव्हा करतात, जेव्हा दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊन झाली आणि तरी गुण नाही. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक जणींनी पहिलीच गोळी आठ दिवसांत सोडलेली असते, कारण तोंड कोरडं पडलं किंवा सासू म्हणाली सवय लागेल. त्यांचा नंबर सलाईनचा नाही. आधी ती पहिली गोळी नीट पुरी करायची.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नाही. कुणी मरणाची भाषा करत असेल तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात घालून किल्ली शेजारी द्या. विचारलं म्हणून ती काही करून घेईल असं नसतं. 'जीव द्यावासा वाटतो का गं?' हे सरळ विचारा.

गटापुढे असा अर्ज आला तर काय विचारायचं? पहिलं, चिठ्ठी कुणाची आहे. मनोविकारतज्ज्ञाने तपासून लिहिलेली हवी, नुसती जाहिरात चालत नाही. दुसरं, तिथे भूल देणारे डॉक्टर, ऑक्सिजन आणि रक्तदाब सतत दाखवणारं यंत्र आहे का. तिसरं, एका वेळचा खर्च सांगितला असेल तर त्याला सहाने गुणा, त्यात जाण्यायेण्याचं भाडं आणि सोबतच्या बाईची बुडणारी मजुरी मिळवा, आणि पुढे महिन्याला लागलं तर काय ते विचारा. सहावा हप्ता भरायला पैसे नसतील तर पहिला भरण्यात अर्थ नाही. मानसोपचाराच्या बैठका त्या पैशांत धरल्यात की वेगळ्या, हे पावतीवर लिहून घ्या. व्हिडिओत जे 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणतात ते खोटं, एवढं आम्ही खात्रीने सांगतो. आणि ज्या बाईवर उपचार होणार आहे तिला स्वतःला विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. उपचार काय, त्याचे दुष्परिणाम काय, हे तिला समजेल अशा भाषेत सांगावं आणि तिची संमती घ्यावी, असं तो सांगतो. सहसा सही तिची, नवऱ्याची नाही.

कर्ज मंजूर झालं तर इतिवृत्ताच्या वहीत कारण फक्त 'औषधोपचार' लिहा. ती वही किती जण चाळतात ते आपल्याला ठाऊक आहे.

उपचाराच्या दिवशी तिच्यासोबत एक बाई जाऊ द्या, जिच्याशी तिचं पटतं अशी. आदल्या रात्रीपासून काय खायचं-प्यायचं ते दवाखाना सांगेल, ते पाळा. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. परत येताना तिला मोटारसायकलवर मागे बसवू नका, एसटीने किंवा रिक्षाने आणा. दुसऱ्या दिवशी झोप पुरी होईपर्यंत चूल, विळी, विहीर आणि तान्हं मूल यांची जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यावी. संध्याकाळी ती काही बोलायला लागली, फार जुनं काही, माहेरचं, लहानपणचं, तर मध्ये बोलू नका, समजावू नका. ती हो म्हणाली तर दोन ओळी कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीला तो कागद तिच्याच हातात द्या, समुपदेशकांना दाखवायला.